लाईट गेली की मला जाग येते

आमच्या कारखान्यातला आगीचा भोंगा पहिल्यांदा वाजला, तेव्हा मी त्याच्या बरोबर खाली झोपले होते.

कारखाना म्हणजे शाळेचे गणवेश शिवणारं युनिट. सोलापूरच्या बाहेर, पत्र्याचं लांबलचक शेड, आत शिलाई मशिनींच्या रांगा. मी चेकिंगला. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबते धागे कापायचे, काज-बटण जुळतंय का बघायचं, आणि जुळत नसलं तर शर्ट परत पाठवून शिवणाऱ्या बाईची बोलणी खायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका आवारातल्या कडुलिंबाखाली गप्पा मारत बसायच्या. मी डबा संपवला की मागच्या स्टोअरमध्ये कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवी व्हायचे. निळ्या पँटच्या कापडाचा गठ्ठा सगळ्यात मऊ असतो, हे ज्ञान मी तिथंच मिळवलं.

त्या दुपारी कोणीतरी पंख्यांवर साठलेला कापसाचा तूस झाडायला घेतला. तूस उडाला, छतावरच्या नव्या यंत्राला तो धूर वाटला आणि भोंगा सुरू झाला. सगळ्या बायका चपला टाकून बाहेर पळाल्या. सुपरवायझरांनी लिंबाखाली मोजदाद केली तर एक बाई कमी. बाथरूममध्ये असेल म्हणून थोडं थांबले. मग कोणाला तरी स्टोअर आठवलं.

पुढचं मला सगळ्यांनी मिळून सांगितलं, कारण मी तिथं होते आणि नव्हतेही. सुपरवायझर निवृत्तीला आलेले, सज्जन गृहस्थ. नाकावर ओला टॉवेल बांधून ते आत शिरले. भोंगा असा वाजत होता की पत्रे थरथरत होते, आणि त्याच्याखाली मी तोंड उघडं टाकून घोरत होते. परक्या बाईला हात कसा लावायचा, म्हणून त्यांनी कापड मोजायच्या लाकडी पट्टीनं मला ढोसलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी डोळे न उघडता म्हणाले,

"आत्या, पाचच मिनिटं."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

मालकांनी मला बोलावून घेतलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते घाबरले होते. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "ताई, आज तूस होता. खरी आग असती तर मी तुमच्या घरी काय सांगितलं असतं?"

मी ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं.

"आधी कुणाला तरी दाखवा. त्यांनी ठीक आहे म्हटलं की या कामावर. तुमची जागा कुठं जात नाही."

माझ्या झोपेची कीर्ती काही नवी नव्हती. करकंबला माहेरी असताना उसाला पाणी द्यायला गेले की बांधावर बसल्या बसल्या मला डुलकी लागायची. एकदा एसटीत झोपले आणि मोहोळला उतरायचं ते थेट सोलापूर स्टँडवर कंडक्टरनं उठवलं. त्यानं विचारलं, "कुटं जायचं व्हतं, ताई?" मी म्हटलं, "मागं." लग्नात अंतरपाटामागे उभ्या उभ्या माझे डोळे मिटले आणि मान खाली गेली. मंगलाष्टका चालल्या होत्या. मांडवातल्या बायका म्हणाल्या, पोरगी किती लाजते बघा. लाजाळू सून मिळाली म्हणून सासरचे खूश झाले, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

लग्नाला दहा-बारा वर्षं झाली तरी सकाळी मला उठवणं हे आमच्या घरातलं एक कामच होतं, पाणी भरण्यासारखं. ते आत्या करायच्या. आत्या मोहोळकडच्या, सरळ पाठीच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांचं म्हणणं असं की सासरे गेल्यापासून त्यांना झोप म्हणून नाहीच. कोंबडा आरवायच्या आधी त्या उठून बसलेल्या असत. मला त्या पहिल्यांदा हाक मारायच्या, मग पांघरूण ओढायच्या, मग पायाचा अंगठा धरून हलवायच्या. माझा नवरा टायरच्या दुकानात कामाला, तो या भानगडीत नसायचा. तो बारा महिने गच्चीवर झोपायचा. थंडीतसुद्धा. "वर हवा चांगली असती," म्हणायचा. मला आपलं वाटायचं, माणसाला मोकळ्या हवेची आवड आहे.

मालकांनी दाखवा म्हटलं खरं, पण दाखवायचं कुणाला? झोपेचा डॉक्टर असतो हे मला ठाऊक नव्हतं. मार्ग निघाला तो ओव्हरलॉक मशीनवरच्या एका बाईकडून. तिची मुलगी कॉलेजला मानसशास्त्र शिकत होती. तिच्या मॅडम याच विषयावर संशोधन करत होत्या, म्हणजे आगीचा भोंगा वाजल्यावर कोण उठतं, कोण उठत नाही आणि का. आणि त्यांना न उठणारी माणसं मिळत नव्हती. जो तो येऊन सांगे की मी कुंभकर्ण आहे, आणि डोक्याला तपासणीची तार लावली की भिंतीवरच्या पालीच्या आवाजानं जागा होई.

"मी सांगितलंय त्यांना," ती बाई म्हणाली. "म्हटलं, अस्सल माल आहे आमच्याकडे."

घरी मी हे सांगितलं तेव्हा आत्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "मानसशास्त्र म्हंजे डोस्क्याचं ना? शेजारणीला कळलं तर गल्लीभर करंल."

"मग नको जाऊ?"

"जायचं. मी बी येती. कुणी इचारलं तर चादरीचा सेल लागलाय म्हणायचं."

सोलापुरात चादरीच्या सेलला चाललोय म्हटलं की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

मे महिना होता, कॉलेजला सुट्टी. व्हरांड्यात कुत्रं सावली धरून पडलं होतं. मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा डोक्यावर सरकवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. आत्यांनी खुर्चीवर टेकायच्या आधीच खुलासा केला,

"मॅडम, ही येडी न्हाय बरं का. नुसती झोपती."

"माझ्याकडे झोपणारीच माणसं येतात, मावशी."

"आन् न झोपणारी?"

"तीही येतात."

"मग मला बी लिवून घ्या. मला वरसानुवरसं डोळ्याला डोळा न्हाय."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, आज सूनबाईंचं बघू. मग त्यांनी मला सगळं नीट समजावलं. इंग्रजी शिकवायला केलेली एक काचेची खोली होती, बाहेरचा आवाज आत येत नाही अशी. तिथं खाट टाकलेली. माझ्या डोक्याला तारा लावणार, बोटाला चिमटा. मी झोपायचं. त्या वेगवेगळे आवाज करणार आणि कोणता आवाज मला उठवतो ते बघणार.

"आणि मी नाहीच उठले तर?"

"संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला येतो," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या आत काहीतरी करू."

आत्यांना बाहेर बसायला सांगितलं तर त्या ऐकेनात. सुनेला असं तारा लावून एकटीला सोडून कशी जाऊ, म्हणाल्या. शेवटी खाटेच्या पायथ्याशी, कूलरच्या वाऱ्यात त्यांची खुर्ची ठेवली. मॅडमनी माझ्या केसांतून भांग पाडत चिकट मलम लावून तारा बसवल्या. आत्या बारकाईनं बघत होत्या. "तेल लावू नको म्हटलं व्हतं ना तुला," एवढंच बोलल्या.

मला धास्ती होती की परक्या जागी, डोक्याला तारा, समोर सासू, अशात झोप कशी येणार. दहावीच्या परीक्षेला उत्तर आठवलं नव्हतं तशी आज झोप आठवणार नाही. मी छताकडे बघितलं. छताचा रंग पिवळट होता. त्यापुढचं मला आठवत नाही.

पुढचं सगळं मॅडमनी सांगितलेलं. आधी त्यांनी नेहमीचा बारीक, कर्कश पीप-पीप आवाज लावला, बहुतेक इमारतींत असतो तसा. हळूहळू वाढवत नेला. काचेबाहेर कानाला हेडफोन लावून बसलेल्या त्यांनाच तो सोसवेना. मी पाय खाजवला. मग जाड, खालच्या पट्टीचा आवाज लावला, म्हशीच्या रेकण्यासारखा. असा आवाज झोपेत जास्त आत शिरतो, असं त्या म्हणाल्या. त्यावर मी कूस बदलली. मॅडमना बरं वाटलं, पण मी कूस बदलून पुन्हा घोरायला लागले. मग माणसाचा आवाज. बातम्या वाचल्यासारखा कोणीतरी म्हणत होता, "आग लागली आहे. कृपया इमारतीबाहेर पडा." त्यावर मी स्पष्ट "बरं" म्हणाले आणि उशी डोक्याखाली ओढून घेतली.

इतका वेळ कानात बोटं घालून बसलेल्या आत्यांचा धीर सुटला. त्यांनी काचेवर टकटक केलं आणि मॅडमना आत बोलावलं.

"असं न्हाय उठत ती, मॅडम. कृपया कशाला म्हणता? मी सांगती."

त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि रोजच्या आवाजात ओरडल्या, "अगं ऊठ की. दूध उतू चाललंय."

मी झोपेतच म्हणाले, "गॅस बारीक केलाय."

मॅडम सांगत होत्या, आत्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. इतक्या वर्षांच्या हाकांचं हे फळ. त्या हिरमुसून खुर्चीत जाऊन बसल्या, पदर तोंडावर घेतला. कूलरचा गार वारा येत होता. मॅडम बाहेर जाऊन पुढच्या आवाजाची तयारी करून बघतात तर आत दोन जणी घोरताहेत. आत्यांची मान मागं पडलेली, चष्मा छातीवर. मॅडमनी पुन्हा म्हशीचा आवाज लावला. दोघींपैकी एकीनंही दाद दिली नाही. पीप-पीप लावलं. नाही. मॅडमना कळेना, आता कुणाची नोंद करावी.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

कूलर घरघरत थांबला. मी ताडकन उठून बसले, डोक्याच्या तारांसकट, आणि म्हणाले, "लाईट गेली का?" माझ्याबरोबर, अगदी एका दमात, पायथ्याकडून आत्यांचाही आवाज आला, "गेली का लाईट?"

काचेपलीकडे मॅडम तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. एवढे भोंगे, एवढे आवाज, आणि आम्हाला उठवलं ते शांततेनं. त्यांचं दुःख एकच होतं. तारांची पेटीसुद्धा त्याच लाईटवर चालत होती, त्यामुळे संशोधनातला तो सगळ्यात मोलाचा क्षण कुठंच नोंदला गेला नाही.

"मावशी, तुम्ही तर म्हणाला होता झोप येत नाही."

"कुटं झोपली? डोळं मिटलं व्हतं नुसतं."

लाईट यायची वाट बघत आम्ही तिघी अंधाऱ्या खोलीबाहेर बाकावर बसलो. मॅडमनी डब्यातला चिवडा काढला. मग त्या आपल्या लहानपणाचं सांगू लागल्या. त्यांच्या घरी तेलुगू बोलत, घरात खालीच यंत्रमाग होते आणि वरच्या माळ्यावर सगळी मुलं झोपायची. माग चालू असले की खाट हलायची, भिंत हलायची, आणि मुलं गाढ झोपलेली असायची. लाईट गेली, माग थांबले, की सगळी उठून बसायची आणि धाकटी रडायला लागायची.

"हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून अंगात होतं. आणि इतकी वर्षं मी आवाजच शोधत बसले. झोपेत कान बंद नसतो. तो रखवाली करत असतो. जे नेहमीचं आहे ते सोडून देतो, जे बदललं त्याला धरतो. तुमच्या कानाला भोंगा बदल वाटत नाही, पंखा थांबणं वाटतं."

लाईट आल्यावर त्यांनी मला परत झोपवलं, आणि या वेळी गुपचूप फक्त कूलरचं बटण बंद केलं. मी उठले. पुन्हा केलं. पुन्हा उठले. मॅडम इतक्या खूश झाल्या की आपला चष्मा शोधताना त्यांनी माझाच हात धरला.

पण निघताना त्यांनी आम्हाला थांबवलं. कागद बाजूला ठेवला आणि जरा गंभीर आवाजात माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला झोप जास्त आहे असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. तुम्हाला झोप फार कमी मिळते."

"कमी?" आत्या म्हणाल्या. "ही सकाळी झोपती, दुपारी बी झोपती."

"म्हणूनच. घोरता घोरता हिचा श्वास मध्येच थांबतो, मावशी. मी आज बघितलं. गळा आतून मिटतो. मग जीव घाबरून अर्धवट जागा होतो, श्वास घेतो, पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. सकाळी हिला वाटतं आपण झोपलो होतो. शरीर मात्र रात्रभर मजुरी करून आलेलं असतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे पक्कं मी सांगणार नाही. घशाच्या आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवा. पण ही आळशी नाही."

त्या शेवटच्या वाक्याला माझ्या डोळ्यात पाणी कसं आलं, मला कळलं नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, माहेरी भाऊ म्हणायचा, सासरी गल्ली म्हणायची, आणि मीही स्वतःला तेच म्हणत आले होते. मी पदरानं डोळे पुसले तर डोक्याचं मलम डोळ्यात गेलं आणि मग पाणी थांबेचना. मॅडमना वाटलं बाई फारच हळवी आहे.

रिक्षात आत्या कडेला बसल्या. बाहेर ऊन तापलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग रस्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

"काय?"

"तुजा श्वास थांबतो ते. भिंतीपल्याड ऐकू येतं की. घोरणं बंद झालं की मी उठून बसायची. परत घोराय लागलीस की मग मी पडायची. डोळा लागतोय तवर परत बंद."

"मग बोलला का नाही कधी?"

"काय बोलू? सुनंचा श्वास थांबतोय म्हणून सासू सांगत फिरली तर लोक म्हणतील सासूला घाई झालीय."

मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण त्यांनी ते पदरात घेतलं. इतकी वर्षं मला वाटायचं, या बाईला झोप नाही म्हणून तिला माझी झोप बघवत नाही. ती भिंतीपलीकडे माझ्या श्वासाला राखण बसलेली असायची, हे मला चादरीच्या सेलला जाऊन कळलं.

डॉक्टरांनी रात्रीची तपासणी केली आणि मॅडमचं म्हणणं खरं ठरलं. वजन उतरवायला सांगितलं, कुशीवर झोपायला सांगितलं, आणि झोपताना नाकावर लावायचं एक यंत्र दिलं. यंत्रातून हवा येते आणि गळा उघडा ठेवते. नळी लावून मी पहिल्यांदा झोपायला निघाले तेव्हा आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "हत्तीवानी दिसतीस," म्हणाल्या, आणि नळी कुठं मुडपली नाही ना ते वाकून बघून गेल्या.

यंत्र लावायला लागल्यावर आठवड्याभरात नवरा गच्चीवरून खाली आला. गादी काखेत मारून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वर डास लई झालेत." इतकी वर्षं तो हवेसाठी वर झोपत होता यावर माझा अजून विश्वास होता. मी त्याला विचारलंही, की आता हवेचं काय. तो यंत्राकडे बोट दाखवून म्हणाला, "आता हवा हितंच हाय की."

आणि एका सकाळी मी आपोआप उठले. कोणी हाक मारली नव्हती, कोणी अंगठा ओढला नव्हता. डोकं हलकं होतं. खिडकीत ऊन आलं होतं आणि घर गप्प होतं. चहाचं भांडं ओट्यावर पालथं पडलेलं, म्हणजे आत्या उठलेल्याच नव्हत्या. मी घाबरले. त्यांच्या खोलीत जाऊन वाकले, नाकाशी बोट धरलं. श्वास संथ चालला होता. बोट लागल्यानं त्यांनी एक डोळा उघडला.

"काय बघतीस?"

"काही नाही. चहा टाकते."

"टाक. साखर बेतानं," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून परत झोपल्या.

मी कामावर परत गेले. मॅडमही एक दिवस आल्या, मालकांना भेटायला. त्यांनी सुचवलं, भोंगा वाजला की त्याच क्षणी शेडमधले आणि स्टोअरमधले पंखे आपोआप बंद होतील असं करा. मालकांना कल्पना आवडली. वायरमन आला, त्यानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि जोडणी करून दिली. सराव ठरला. मॅडम मुद्दाम बघायला आल्या. जेवणानंतरची वेळ निवडली, म्हणजे पेंगणाऱ्या बायका पेंगत असतील. मला स्टोअरमध्ये मुद्दाम झोपायला पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कामाच्या वेळेत झोपायची आज्ञा झाली आणि नेमकी झोप येईना, तरी प्रयत्न करून जरा डोळा लागला.

भोंगा वाजला. पंखे थांबले. मला जाग आली. इथपर्यंत सगळं शास्त्राप्रमाणे झालं. मी बाहेर येऊन बघते तर शेडमधल्या सगळ्या बायका टक्क जाग्या होत्या आणि कोणीही जागची हललेली नव्हती. पंखे थांबले म्हणजे लाईट गेली, आणि लाईट गेली म्हणजे हक्काची सुट्टी. कोणी पुठ्ठ्यानं वारा घेत होती, कोणी शेंगा सोलायला घेतल्या होत्या, ओव्हरलॉकवाली शेजारणीला भाचीच्या साखरपुड्याचे फोटो दाखवत होती. वर भोंगा कोकलत होता. तिनं भोंग्यामुळे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला होता.

दारात उभ्या मॅडम सगळ्यांकडे बघत होत्या. शेवटी खाली स्टुलावर बसल्या.

"उठवणं झालं," त्या मला म्हणाल्या. "आता उठलेल्यांना बाहेर कसं काढायचं, हे राहिलं."

त्यावर आम्ही दोघींनी चहा घेता घेता विचार केला. पंखा थांबला की जाग येते, पण जागं झालेल्या माणसाला काय झालंय ते कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि असं सांगायला पाहिजे की तो ऐकेल. बातम्या वाचणारा नको. कृपया नको. मी म्हटलं, मॅडम, ज्या आवाजाला ऐकून गल्लीतली पोरं पतंग टाकून घरात पळतात, असा एक आवाज मला माहीत आहे.

आत्यांना तयार व्हायला अजिबात वेळ लागला नाही. फक्त आवाजच घ्यायचा होता तरी त्या ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. मॅडमनी मोबाईल समोर धरला आणि काय बोलायचं ते सांगायला तोंड उघडलं, तर आत्यांनी हातानं थांबवलं.

"पोरींनो, आग लागलीया. शेंगा ठेवा, फोन ठेवा, उठा. पिशवी घेऊ नका, चपला हुडकू नका. लिंबाखाली जाऊन हुबं ऱ्हावा. मी मोजाय येणार हाय."

शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःच्या मनानं घातलं. मॅडमनी तेच तेलुगूत स्वतः म्हटलं, आणि अक्कलकोटकडच्या एका शिवणाऱ्या बाईनं कन्नडात. तिन्ही भाषांत शेंगा आल्या.

दुसऱ्या सरावाला पंखे थांबले, क्षणभर शांतता झाली, आणि आत्यांचा आवाज पत्र्यावरून घुमला. मी स्टोअरमधून बाहेर येईपर्यंत शेड रिकामं झालं होतं. लिंबाखाली सगळ्या बायका रांगेत उभ्या होत्या, काही अनवाणी, आणि दोघी-तिघी खरंच दाराकडे बघत होत्या, मोजायला कोण येतंय म्हणून. त्यांत मालकही होते. सुपरवायझर तेवढे मागं राहिले होते. ते मला शोधत स्टोअरमध्ये गेले होते, पट्टी घेऊन.

मॅडमचं संशोधन अजून चालू आहे. आता त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या झोपेचं बघायचंय, आणि त्यासाठी आत्या दर आठवड्याला एका दुपारी त्यांच्या काचेच्या खोलीत जातात. डोक्याला तेल लावत नाहीत, जेवण हलकं घेतात, रिक्षावाल्याला "कॉलेजला" म्हणून सांगतात. मागच्या खेपेला त्यांना सोडायला मी गेले होते. त्यांनी खाटेवर पाय लांब केले, मॅडमना कूलर जरा इकडं वळवायला सांगितला आणि मला म्हणाल्या, "तू जा घरी. मला येळ लागंल. माझं काम हाय हितं."